टोयोटाने सायन का बंद केला?

प्रश्न असा आहे: ‘टोयोटाने अमेरिकेत तरुणांसाठी काढलेला सायन हा ब्रँड २०१६ मध्ये गुंडाळला. गाड्या टोयोटाच्याच होत्या, दर्जाबद्दल ओरड नव्हती, गिऱ्हाईकही तरुण मिळत होतं. मग बंद का केला? खप घटला एवढंच कारण, की आत आणखी काही होतं?’

खप घटला हे खरंच आहे, पण तो आजार नव्हे, आजाराचं लक्षण. माझं मत आधीच सांगून टाकतो. सायन बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली, पण तो संपायला लागला २००७ मध्ये. मधली आठ-नऊ वर्षं तो नुसता तग धरून होता. मी २००१ पासून २०१८ पर्यंत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका टोयोटा डीलरशिपमध्ये होतो. आधी लॉटवर, म्हणजे शोरूमबाहेर विक्रीच्या गाड्या लावलेल्या मैदानात, सेल्समन, पुढे नव्या गाड्यांचा मॅनेजर. सायनच्या पहिल्या गाड्या ट्रेलरवरून उतरताना मी पाहिल्या आणि टीसी या सायनच्या कूपेच्या शेवटच्या काही गाड्यांची कागदपत्रंही माझ्याच टेबलावरून गेली. तेव्हा हे उत्तर कंपनीच्या ऑफिसातून नाही, शोरूमच्या फरशीवरून आहे असं समजा.

आधी नाव. सायन म्हणजे वंशज, आणि बागायतीत सायन म्हणजे कलमकाडी. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, ती. मुळं खुंटाची, फळ काडीचं. टोयोटाला नेमकं हेच हवं होतं. कारखाने, इंजिनं, डीलर, सर्व्हिस सगळं आपलंच, पण वर येणारं फळ वेगळ्या चवीचं.

याची गरज का पडली, तर १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टोयोटाचं गिऱ्हाईक पन्नाशीकडे झुकलेलं होतं. कॅमरी घेणारी माणसं समाधानी होती, पण त्यांच्या मुलांना आईबापांची गाडी नको होती. यावर टोयोटाने आधी ‘जेनेसिस’ नावाचा प्रकल्प काढला. एको, सेलिका आणि एमआर२ स्पायडर या तीन गाड्या तरुणांच्या म्हणून पुढे आणल्या. एको आमच्याकडे यायची तेव्हा तिला विचारणारे बहुतेक केस पिकलेले, पेट्रोलचा खर्च मोजणारे लोक असायचे. जाहिरात बदलली तरी वर नाव टोयोटाच होतं, आणि त्या नावाचीच तर पोरांना अडचण होती. म्हणून पुढचा प्रकल्प वेगळ्या नावाने करायचं ठरलं. २००२ च्या न्यूयॉर्क ऑटो शोमध्ये त्याचं नमुन्याच्या गाड्यांनिशी दर्शन झालं आणि जून २००३ मध्ये फक्त कॅलिफोर्नियात, १०५ टोयोटा डीलरांकडे सायन विक्रीला आला. साऱ्या देशभर पोचायला जून २००४ उजाडला.

पहिल्या दोन गाड्या एक्सए आणि एक्सबी. दोन्ही जपानमध्ये आधीच विकल्या जाणाऱ्या: एक्सए म्हणजे तिथली इस्ट, एक्सबी म्हणजे बीबी. एक्सबी पाहिल्यावर आमच्या जुन्या सेल्समननी कपाळाला हात लावला होता. सरळ उभा, चौकोनी डबा. लोक तिला टोस्टरच म्हणत. लांबी चार मीटरच्या आत, वजन ११०० किलोच्या आसपास, दीड लिटरचं इंजिन आणि स्पीडोमीटर ड्रायव्हरच्या समोर नाही तर डॅशबोर्डच्या मधोमध. पण दार उघडून आत बसलं की कळायचं. छत इतकं उंच की सहा फुटी माणूस टोपी घालून बसावा, मागच्या सीटवर पाय लांब करता येतील एवढी जागा, आणि किंमत चौदा हजार डॉलरच्या आत. त्यात एसी, पॉवर विंडो, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल, पायोनियरची सीडी सिस्टिम सगळं आलंच. त्या किमतीत तेव्हा दुसरीकडे यातलं निम्मंही पदरात पडत नव्हतं.

विकण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची होती. टोयोटाच्या गाड्यांना तीन-चार ट्रिम, म्हणजे सोयींनुसार चढत्या किमतीचे प्रकार, त्यात ऑप्शनची पॅकेजं. सायनला एकच ट्रिम. रंग निवडा, गिअरबॉक्स निवडा, झालं. बाकी हौस करायची तर चाळीसेक ऍक्सेसरीज होत्या: अलॉय व्हील, सबवूफर, लोअरिंग स्प्रिंग, गिअरची मूठ, डॅशबोर्डखालचे रंगीत दिवे. त्या आम्ही डीलरशिपमध्येच बसवून द्यायचो. आणि घासाघीस नाही. डीलरने लावलेली किंमत तीच किंमत, सगळ्यांना सारखी.

अमेरिकेत गाडी विकत घेणं म्हणजे चार तासांचा छळ असतो, हे ज्यांनी घेतलीय त्यांना माहीत आहे. सेल्समन मॅनेजरला विचारून येतो म्हणून उठतो, वीस मिनिटांनी परत येतो, मग हप्त्याचे आकडे कागदावर चौकोनात लिहितो. त्यामुळे सायनच्या पहिल्याच महिन्यात घडलेला एक प्रसंग मला अजून आठवतो. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील पक्की तयारी करून आले होते, हातात इंटरनेटवरून काढलेल्या छापील किमतींचा गठ्ठा. मी किमतीचा कागद समोर ठेवला आणि म्हटलं, हीच. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा उठून जायची धमकी दिली, शेवटी मुलगाच म्हणाला, “डॅड, सगळ्यांना एवढीच आहे.” चाळीस मिनिटांत सही झाली. उरलेला वेळ पोरगा व्हील निवडत बसला, आणि गाडीपेक्षा व्हीलवर त्याने जास्त वेळ घालवला. सायन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढची तीन वर्षं दिवाळी होती. २००४ च्या मध्याला टीसी नावाची दोन दारांची कूपे आली, २.४ लिटर इंजिन, वर काचेचं छत, किंमत सोळा हजारांच्या घरात. २००४ मध्ये सायन जवळपास १ लाखावर गेला, २००५ मध्ये १,५६,४८५ आणि २००६ मध्ये १,७३,०३४. त्यातल्या ७९ हजार नुसत्या टीसी होत्या. टीसी घेणाऱ्यांचं सरासरी वय साऱ्या बाजारात सर्वांत कमी होतं. टीव्हीवर जाहिराती जवळपास नाहीत. त्याऐवजी क्लबमधले डीजे, भित्तिचित्रकार, रॉक आणि हिपहॉपचे कार्यक्रम. आमच्यासारख्या टाय बांधून उभ्या राहणाऱ्यांना ती दुनिया परकी होती, पण शनिवारी लॉटवर गर्दी व्हायची ती तिच्यामुळे, हे मान्य केलंच पाहिजे.

एक्सबी वयस्कर लोकही घेत होते, यावर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. मला त्यात दोष वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या उंचीच्या सीटवर वाकावं लागत नाही, सरळ बसता येतं. तरुणांसाठी केलेली वस्तू इतरांनाही आवडली, तर ती वस्तू चांगली आहे एवढाच त्याचा अर्थ. टोयोटाला मात्र याची धास्ती वाटली. गाडी सर्रास दिसायला लागली तर तिचा तोरा जाईल, म्हणून २००७ साठी विक्री दीड लाखांवर थांबवायची असं २००६ च्या अखेरीस ठरलं. चढत्या भाजणीने चाललेल्या ब्रँडला त्याच्याच मालकाने लगाम घातला. तो लगाम लावायची वेळही आली नाही, कारण २००७ मध्ये खप आपोआपच १ लाख ३० हजारांवर आला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. २००७ मध्ये दुसऱ्या पिढीची एक्सबी आली. कंपनीने गिऱ्हाइकांना विचारलं असणार, काय हवं? लोकांनी जे नेहमी सांगतात तेच सांगितलं असणार: जास्त ताकद, जास्त जागा, हायवेवर कमी आवाज. कंपनीने ते सगळं दिलं. इंजिन दीड लिटरचं २.४ लिटर झालं, ताकद १०० हॉर्सपॉवरच्या आसपास होती ती १५८ झाली. लांबी तब्बल एक फुटाने वाढली, वजन पावणेतीनशे किलोंनी. कोपरे गोल झाले, खिडक्या आखूड झाल्या, ऍव्हरेज खाली आलं, किंमत वर गेली. कागदावर प्रत्येक बाबतीत सुधारणा, आणि ज्या कारणासाठी लोक ती घेत होते ते कारण मात्र हरवलं.

ती लॉटवर आली त्या आठवड्यात आमचे जुने एक्सबीवाले बघायला आले. त्यांचा एक गट होता, रविवारी सकाळी आमच्या मागच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून एकमेकांचं काम दाखवायचे. दहा-बाराजण आले असतील. नव्या गाडीभोवती फिरले, दार उघडून बसले, बाहेर आले. कुणी वाईट बोललं नाही. मग सगळे एकेक करून जुन्या स्टॉकच्या रांगेकडे गेले आणि उरलेल्या जुन्या एक्सबींपैकी कुठल्या कुठल्या रंगाच्या शिल्लक आहेत ते विचारू लागले. त्या महिन्यात आमच्याकडचा जुना स्टॉक नव्याच्या आधी संपला. गाडीच्या धंद्यात असं सहसा होत नाही.

नवीन एक्सबी वाईट नव्हती. पण ती आता एक मोठी, जड, नेमस्त गाडी होती, आणि तशी गाडी हवी असेल तर पलीकडे कोरोला उभीच होती. सायन शेवटी टोयोटाच्याच शोरूमचा एक कोपरा. गिऱ्हाईक दहा पावलं चाललं की ब्रँड बदलायचा.

त्यावर २००८ चं संकट आलं. अमेरिकेत २००७ मध्ये १ कोटी ६१ लाख गाड्या विकल्या गेल्या, २००९ मध्ये १ कोटी ४ लाख. म्हणजे बाजार एकतृतीयांशाने पडला. सायन त्याच काळात १,३०,१८१ वरून ५७,९६१ वर आला, निम्म्याहूनही खाली. बाजारापेक्षा तो जास्त का पडला? कारण मंदीत पहिली नोकरी जाते ती तरुणाची, आणि कर्ज पहिलं नाकारलं जातं ते क्रेडिट हिस्ट्री नसलेल्याला. २००६ मध्ये बावीस वर्षांच्या मुलाची कर्जाची फाइल मी पाठवली की अर्ध्या तासात मंजुरी यायची. २००९ मध्ये तीच फाइल वडिलांची सही आणा म्हणून परत यायची, आणि वडिलांचंच घर बँकेकडे जायच्या बेतात असायचं. एका वयोगटावर उभा असलेला ब्रँड त्या वयोगटाबरोबरच बुडतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं.

दुसरा फटका येनचा. सायनच्या गाड्या जपानमध्ये बनून बोटीने यायच्या. २००७ च्या मध्याला एका डॉलरला १२० येन मिळत होते, २०११ च्या शरदात ७७ हून कमी. सोळा हजार डॉलरच्या गाडीचा हिशोब करा: आधी १९ लाख येन हातात येत होते, आता जेमतेम १२ लाख. गाडी तीच, मजुरी तीच, आणि मिळकत तिसऱ्या हिश्शाने कमी. स्वस्त गाडीत मुळातच नफा थोडा. अशा वेळी कंपनीत नवीन मॉडेलसाठी पैसे कुणाला मिळणार? अमेरिकेत बनणाऱ्या कॅमरीला, की जपानहून आणून जेमतेम सुटणाऱ्या सायनला? त्यातच त्या सुमारास टोयोटा रिकॉलच्या, म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या, मोठ्या प्रकरणातून जात होती. सगळं लक्ष मूळ नाव वाचवण्याकडे होतं.

परिणाम असा की फांदीला रस पोचेना. दुसरी एक्सबी २००७ ला आली ती २०१५ पर्यंत जवळपास तशीच विकली गेली. एक्सएच्या जागी आलेली एक्सडीही तशीच २०१४ पर्यंत रेटली. तरुणांच्या गाडीला आठ वर्षं एकच चेहरा, म्हणजे जो मुलगा ती दहावीत असताना पाहत होता तो नोकरीला लागून गाडी घ्यायला आला तरी तीच गाडी उभी. याच काळात किआने २००९ मध्ये सोल आणली. चौकोनी, स्वस्त, रंगीबेरंगी, म्हणजे पहिल्या एक्सबीचाच विचार. २०११ पासून ती दरवर्षी लाखाच्या वर खपायला लागली. चौकोनी डब्याची हौस संपली होती असं जे म्हणतात, त्यांना मी सोलचा हा आकडा सांगतो. गिऱ्हाईक जागेवरच होतं. सायनने त्याला हवी ती गाडी करणं सोडून दिलं होतं.

मधल्या काळात आयक्यू आणली, तीन मीटरची चिमुकली गाडी. टोकियोत किंवा पॅरिसमध्ये ती शहाणी वाटते, पण आमच्याकडे सहापदरी फ्रीवेवर तिच्यात बसायला लोक घाबरायचे, आणि त्याच पैशात मोठी गाडी मिळत होती. २०१४ मध्ये ती साऱ्या अमेरिकेत दोनेक हजार खपली.

एफआर-एसबद्दल मात्र मला आजही वाईट वाटतं. २०१२ मध्ये आलेली ही सुबारूबरोबर केलेली स्पोर्ट्स कार, मागच्या चाकांना ताकद, बॉक्सर इंजिन, हलकी, जमिनीला चिकटून धावणारी. त्या दशकात टोयोटाने तरुणांसाठी केलेली सर्वांत चांगली गाडी तीच, असं मी मानतो. जपानमध्ये ती टोयोटा ८६ म्हणून विकली गेली, युरोपात जीटी८६. अमेरिकेत तिच्यावर सायनचा शिक्का मारला. टेस्ट ड्राइव्हहून परत आलेला माणूस खुश होऊन विचारायचा, ही टोयोटाची ना? मग हे नाव काय? जगभर जिने टोयोटाच्या नावाला झळाळी दिली, तिने अमेरिकेत त्या नावाला काहीच दिलं नाही, आणि एकटी सायनला उचलूही शकली नाही. २०१५ मध्ये ती साडेदहा हजार खपली.

यात आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणी बोलत नाही. सायनचा जन्म ज्या गृहीतावर झाला होता, ते गृहीतच मोडलं. २००३ मध्ये पोरांना टोयोटा नको होती. २०१० नंतर आलेली पोरं कॅमरीच्या मागच्या सीटवर वाढलेली, घरातली ती गाडी कधी बंद पडली नाही हे पाहिलेली, आणि मंदीत घरातले हाल बघितलेली. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. त्यांना टोयोटा नावाचं वावडं राहिलं नव्हतं. आमच्याकडे मास्टर्स करून नोकरीला लागलेली भारतीय मुलं यायची, त्यात पुण्या-मुंबईची, नागपूरची मराठी मुलंही पुष्कळ. टीसीभोवती दोन फेऱ्या मारायची, काचेच्या छताखाली बसून फोटो काढायची, मग इन्शुरन्सचा आकडा विचारायची. दोन दारांच्या कूपेचा हप्ता ऐकला की शांतपणे कोरोलाकडे वळायची. रीसेल किती, आईबाबा आले तर मागे बसतील का, हे प्रश्न बाविसाव्या वर्षी विचारणारं गिऱ्हाईक तोपर्यंत फक्त भारतीय होतं. २०१२-१३ नंतर अमेरिकन मुलंही तेच विचारायला लागली.

वर अकिओ टोयोडा २००९ मध्ये अध्यक्ष झाले, आणि मूळ टोयोटाच्याच गाड्या जरा जिवंत, देखण्या कराव्यात असा रेटा आला. कलमं बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं: सांध्याखाली खुंटालाच फुटवे यायला लागले की काडी वाळते. फुटवे काढले नाहीत तर दोष काडीचा नाही. पण टोयोटाने आपलेच फुटवे का काढावेत? तिच्या दृष्टीने ते योग्यच होतं.

पैशाचा हिशोबही बघा. पगार वाचावेत म्हणून बंद केला असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. सायनसाठी वेगळी नेमलेली माणसं होती अवघी २२, आणि त्यांना टोयोटातच सामावून घेण्यात आलं. खरा खर्च वेगळा होता. हजारभर डीलरांकडे वेगळी पाटी, वेगळा कोपरा, वेगळं प्रशिक्षण, वेगळी जाहिरात, वेगळी वेबसाइट, आणि हे सगळं २०१५ च्या ५६ हजार गाड्यांसाठी. टोयोटाने त्या वर्षी अमेरिकेत एकूण पंचवीस लाखांच्या आसपास गाड्या विकल्या. मी मॅनेजर म्हणून सांगतो, महिन्याला दोनशे गाड्या जाणाऱ्या ठिकाणी सात-आठ सायन असतील तर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. कोपऱ्यातला बल्ब गेला तर आठवडाभर कुणी बदलत नाही. वर सगळे क्रॉसओव्हरकडे, म्हणजे टोयोटाच्या आरएव्ही४ सारख्या उंच, एसयूव्हीच्या धाटणीच्या गाड्यांकडे, धावत होते, आणि सायनकडे एकही क्रॉसओव्हर नव्हता.

३ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली. तोवर दहा लाखांहून जास्त सायन विकल्या गेल्या होत्या, त्यातले ७० टक्के गिऱ्हाईक टोयोटाच्या घरात पहिल्यांदा आलेलं, आणि निम्मं पस्तिशीच्या आतलं. म्हणून सायन फसला असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जनरल मोटर्सचा सॅटर्नही घासाघीस न करता गाड्या विकायचा आणि तोही २०१० मध्ये बंद पडला, पण तो मालक कंपनी दिवाळखोरीतून जात असताना, विकायचा सौदा फिसकटून. सायनच्या गाड्यांना घर मिळालं. ऑगस्ट २०१६ पासून २०१७ च्या मॉडेलवर टोयोटाचा शिक्का आला: एफआर-एसची टोयोटा ८६ झाली, माझदाने मेक्सिकोत बनवलेल्या आयएची यारिस आयए, आयएमची कोरोला आयएम. टीसी तेवढी कायमची थांबली. सर्व्हिस आणि पार्ट आधीपासून टोयोटाच्याच वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे जुन्या मालकांचं काही अडलं नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये, म्हणजे घोषणेच्या तीन महिने आधी, लॉस एंजेलिसच्या शोमध्ये सायनच्या नावाने सी-एचआर नावाचा क्रॉसओव्हर दाखवला होता. जे सात वर्षं आधी हवं होतं ते शेवटी आलं, आणि २०१७ च्या वसंतात आमच्या लॉटवर उतरलं तेव्हा त्यावर टोयोटाचं चिन्ह होतं. पहिल्याच आठवड्यात एक बाई ती बघायला आल्या. २००५ मध्ये त्यांना मीच टीसी दिली होती, लाल रंगाची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होत्या तेव्हा. तीच टीसी ट्रेड-इनला, म्हणजे नव्या गाडीच्या बदल्यात द्यायला, आणली होती, दीड लाख मैल झालेली, काचेचं छत अजून नीट सरकत होतं. दोन वर्षांची मुलगी कडेवर. सी-एचआरचा आकार, रंग, सगळं आवडलं. मग त्यांनी चाइल्ड सीट आणून मागे बसवायला घेतली. मागचं दार लहान, खिडकी आखूड, सीट आत जाईना, तिसऱ्या खटपटीत गेली तर पुढची सीट पूर्ण पुढे ओढावी लागली. त्यांनी ती सीट परत काढली, हातात धरली आणि मला विचारलं, “आरएव्ही४ कुठे लावल्या आहेत?”